एकोणीस बोळे

मित्रांनो, माझ्या अंगावरची ताडपत्री बाजूला सारून आत डोकावलात, तर आधी तुम्ही नाक मुरडाल. रंग उडालेला, टायर बसलेले, पुढच्या दिव्याच्या काचेत कोळ्याने संसार मांडलेला. मी जीप आहे. स्वतःला गाडी म्हणवून घ्यायची मला आता लाज वाटते, कारण गाडी म्हणजे जी चालते ती. माझे बॉनेट उघडाल तर आत इंजिन आहे, पण ते जाम झालेले आहे आणि पुन्हा कधीही फिरणार नाही. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सगळे गोड होईल या आशेवर कोणी बसून राहू नये.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखे फार काही नाही. एका मोठ्या कारखान्यात, हुबेहूब माझ्यासारख्या दिसणाऱ्या बहिणींच्या रांगेत मी तयार झाले. कोणी माझे नाव ठेवले नाही, पुढच्या पत्र्यावर एक क्रमांक तेवढा ठोकला. पण नशीब बरे होते. मी जमीन मोजणाऱ्या खात्यात गेले आणि तिथे मला मोजणीदार भेटले.

मोजणीदार तेव्हा तरुण होते. काटकुळे, खिशात नेहमी टोक केलेल्या तीन पेन्सिली. सगळे त्यांना मोजणीदारच म्हणत. त्यांचे खरे नाव बायकोलाही आठवत नसेल, अशी चेष्टा खात्यात चाले. जिथे रस्ता संपे तिथे आमचे काम सुरू होई. दगडधोंड्यांचे नदीपात्र, घसरडे चढ, काट्याकुट्यांचे माळ. मागच्या सीटवर लाकडी पेटीत मोजणीचे यंत्र असे आणि त्या पेटीत यंत्राची भिंगे पुसायचे एक मऊ, पिवळे फडके. त्याच्या चारही कडा मोजणीदारांच्या बायकोने हाताने दुमडून शिवल्या होत्या. त्या फडक्याने दुसरे काहीही पुसायचे नाही, असा दंडक होता.

एकदा पुराच्या पाण्यात अडकलेला खात्याचा ट्रक मी दोर लावून ओढून काढला. पाणी सीटपर्यंत आले होते. मोठ्या साहेबांनी माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि माझा फोटो कचेरीत लागला. त्या वेळी मला वाटले होते, हे असेच चालणार. तरुणपणी सगळ्यांनाच तसे वाटते.

मोजणीदारांचा तर त्या भागात शब्दच चाले. बांधावरून दोन शेजारी हमरीतुमरीवर आलेले असत. यांनी साखळी टाकली, आकडा सांगितला, की दोघेही गप्प. "मोजणीदार चुकत नाहीत," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले, की मलाही त्याचा अभिमान वाटू लागला. आज वाटते, एखाद्या माणसाला वर्षानुवर्षे असे म्हणत राहणे बरे नव्हे. त्याची चुकण्याची सवयच मोडते, आणि मग चुकल्यावर काय करायचे हे त्याला कळत नाही.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी खात्याने मलाही मोडीत काढले. मोजणीदारांनी मला घरी आणले. त्यांच्या बायकोने दारातूनच कपाळाला हात लावला.

"एक म्हातारं घरी बसलं ते पुरलं नाही का? हे दुसरं कशाला आणलंत?"

पुढे ती मला सरळ सवत म्हणू लागली. "आधी सवतीला पुसा, मग जेवायला या," असे तिचे रोजचे टोमणे असत. पण ऊन वाढले की तीच येऊन ताडपत्री ओढायची.

हळूहळू मला दम लागू लागला. चढावर निळा धूर निघे. ऑइल तर मी इतके पिऊ लागले, की मोजणीदार मागच्या सीटवर कायम एक डबा भरून ठेवत. माझा आवाज ऐकला की गल्लीतल्या बायका धावत येऊन वाळत घातलेले कपडे आत नेत. इंजिन उतरवल्याशिवाय गत्यंतर नव्हते, आणि इंजिन उतरवायचे तर ते मिस्त्रींनीच, हे मोजणीदारांनी ठरवूनच टाकले होते.

मिस्त्री म्हणजे खात्याच्या गाड्या तीस वर्षे सांभाळलेले गृहस्थ. पत्र्याच्या छपराखाली त्यांचे गॅरेज. भिंतीवर प्रत्येक पान्याची खडूने काढलेली आकृती, म्हणजे पाना जागेवर नसला की भिंतच बोंब मारी. नजर अधू झाली होती, म्हणून ते एका चष्म्यावर दुसरा चष्मा लावत. पण त्यांची बोटे! सिलिंडरच्या आत एक बोट फिरवून ते सांगत, "इथं केसभर झिजलंय." मोजणीदार लगेच खिशातले मापक काढून तपासत, आणि दर वेळी मिस्त्रींचे बोट बरोबर निघे. मग दोघे म्हातारे शाळकरी पोरांसारखे हसत.

मिस्त्रींची बायको कधीच गेली होती. लेक चार गल्ल्या पलीकडे राहत होती. वडिलांच्या डोळ्यांची तिने धास्ती घेतली होती. माझे इंजिन खाली उतरले त्याच दिवशी ती गॅरेजमध्ये आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, ही शेवटची गाडी. नीट झाली तर मी पुन्हा शब्द काढणार नाही, हवी तितकी वर्षं करा. पण काही चुकलं, तर गॅरेजला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे. मागल्या महिन्यात ब्रेकचा नट राहिला होता. कोणाचा तरी जीव जाईल अशानं."

"कबूल," मिस्त्री म्हणाले.

ती गेल्यावर ते मोजणीदारांना म्हणाले, "पोरगी वाईट नाही हो. सोन्यासारखं सांभाळेल मला. पण साहेब, हाताला काम नसलं की माणूस दिवसभर स्वतःचे गुडघे चोळत बसतो. मला तसं नाही बसायचं."

मोजणीदारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून ते रोज गॅरेजमध्ये येऊन बसू लागले. माझ्यासाठीही आणि मित्रासाठीही.

माझा ब्लॉक लेथवाल्याकडे गेला. सिलिंडर बोअर करून झाल्यावर त्याने निरोप दिला, "हे शेवटचं माप. यापुढं कापायला धातूच उरला नाही." म्हणजे हा जन्म मिळाला तो मिळाला, पुढचा नाही. मिस्त्रींनी ते मनावर घेतले. क्रँक, बेअरिंगे, पिस्टन, रिंगा, एकेक वस्तू त्यांनी रॉकेलने धुतली, फुंकून वाळवली आणि ऑइलचा हात फिरवून जागेवर बसवली. तान्ह्या बाळाला अंघोळ घालावी तशी. इंजिन जपायचे तर धूळ आत जाऊ द्यायची नाही आणि ऑइल तुटू द्यायचे नाही, एवढे दोनच नियम त्यांना ठाऊक होते. म्हणून हवेची नवी जाळी आणली आणि ड्रायव्हरच्या समोर ऑइलच्या प्रेशरचा मोठा काटा बसवला.

धुळीसाठी त्यांची एक खास पद्धत होती. जुनी चादर फाडून ते वीतभर तुकडे करत आणि इंजिनच्या प्रत्येक उघड्या भोकात एकेक बोळा कोंबून ठेवत. कोंबताना मोठ्याने मोजत आणि आकडा खडूने भिंतीवर लिहीत. काढतानाही तसेच मोठ्याने मोजत. घातले तितके निघालेच पाहिजेत. माझ्या वेळी भिंतीवर आकडा होता एकोणीस.

एका जागी मात्र ते बोळा घालत नसत. इंजिनच्या कुशीला एक लांबट खिडकी असते, तिच्या आतून ऑइल खाली तळाच्या डब्यात उतरायची वाट असते. तिथे घातलेले कापड घसरून खाली जाईल, म्हणून मिस्त्री तिथे पत्र्याचा तुकडा टेकवून ठेवत. हे त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनी कोणाला सांगितले नाही.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे जड झाकण, अजून लेथवाल्याकडून यायचे होते. त्या दुपारी लेक मिस्त्रींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि गॅरेजमध्ये मोजणीदार एकटेच राहिले. दुपार कलली आणि एकाएकी वारा सुटला. अंगणातली सगळी धूळ भोवऱ्यासारखी फिरत छपराखाली शिरली. टेकवलेला पत्रा खडखडला आणि खाली पडला. मोजणीदार धावत आले. पाहतात तो ही एवढी मोठी खिडकी उघडी, आणि आत बोळाच नाही.

"विसरले बिचारे," ते पुटपुटले.

आपल्या मित्राची चूक आपण झाकली, याचे त्यांना समाधान वाटले असावे. त्यांनी आजूबाजूला पाहिले. चादरीचे तुकडे संपले होते. मग त्यांनी खिशात हात घातला. यंत्र खात्यात जमा झाले तरी ते पिवळे फडके ते जवळ बाळगत; आता त्याने फक्त माझी पुढची काच पुसत. ते स्वच्छ, मऊ फडके त्यांनी घडी करून माझ्या कुशीत खोल सरकवले, पत्रा पुन्हा नीट टेकवला, वर वीट लावली. मिस्त्री आले की सांगू, असे त्यांच्या मनात होते. ते मी शपथेवर सांगते.

पण मिस्त्री आले ते लेकीच्या हाताला धरून. डॉक्टरांनी सांगितले होते, जे दिसते आहे ते टिकवा, यापेक्षा जास्त कधी दिसणार नाही. लेकीचे डोळे लाल झाले होते. मोजणीदारांनी मित्राला खुर्ची दिली, पाणी दिले, इकडचे तिकडचे बोलत राहिले. फडक्याची गोष्ट राहून गेली. आणि माझ्या पोटात, ऑइलने ओल्या झालेल्या भिंतीवरून, ते फडके हळूहळू खाली सरकत होते.

सकाळी हेड आले. मोजणीदार यायच्या आधीच मिस्त्रींनी पत्रा काढला, बॅटरी धरून आत पाहिले, बोट फिरवले. आत काही नव्हते. त्यांनी खिडकीचे झाकण नटांनी घट्ट आवळले. मग बोळे काढले. "सतरा, अठरा, एकोणीस." भिंतीवर एकोणीस. त्यांचा जीव भांड्यात पडला. मागून आलेल्या मोजणीदारांनी झाकण बसलेले पाहिले आणि बोळ्यांबरोबर फडकेही निघाले असेल, असे धरून चालले.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते. माझ्या तळाच्या डब्यात पंपाची जाळी असते. तिच्यातून ऑइल वर चढते आणि प्रत्येक बेअरिंगला भिजवते. त्या जाळीच्या शेजारी ते फडके पडले होते. त्या डब्यात कोणी डोकावणार नव्हते, कारण आत काही असण्याचे कारणच नव्हते.

इंजिन सुरू झाले तो दिवस मात्र मी विसरणार नाही. पहिल्याच फटक्यात. धूर नाही, खडखड नाही, पंख्याखाली झोपलेल्या माणसासारखा संथ श्वास. मिस्त्री माझ्या बॉनेटवर पंजा टेकवून डोळे मिटून उभे राहिले. लेक दारात उभी होती.

"हरले मी, बाबा," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

नवे इंजिन आधी हळू चालवायचे असते. मोजणीदार मला रोज सपाट रस्त्यावर, रिकाम्या सीटने फिरवून आणत. मी वाट बघत होते. फडके कधी कोपऱ्यात जाई, कधी जाळीला चाटून जाई. सपाटीवर ते गप्प होते. पण मी सपाटीसाठी जन्मलेली नाही, हे मोजणीदार कसे विसरतील?

शेवटी तो दिवस आला. दोघे म्हातारे जुन्या टेकडीवर जायला निघाले, जिथे त्यांनी तरुणपणी मोजणीचा दगड रोवला होता. मिस्त्री शेजारच्या सीटवर, मांडीवर चहाचा थर्मास. अर्ध्या चढावर माझे नाक वर झाले, तळाचे ऑइल मागे सरकले, आणि त्याच्याबरोबर फडके सरकले ते नेमके जाळीवर जाऊन बसले. पंपाने ते ओढून धरले.

समोरचा काटा खाली आला. मिस्त्रींना तो दिसण्यासारखा नव्हता. मोजणीदारांना दिसला. त्यांनी काचेवर टिचकी मारली. नव्या कोऱ्या इंजिनात प्रेशर कसे जाईल, काटाच अडकला असेल, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी मला तशीच पुढे दामटली.

मिस्त्रींनी मान तिरकी केली. "साहेब, बंद करा."

"काय झालं?"

"आवाज बदललाय. कोरडं चाललंय आतून. बंद करा म्हणतो ना!"

"अहो, वळणावर कुठं थांबवू? तेवढी सपाटी येऊ द्या."

ती सपाटी शंभर पावलांवर होती. तिथवर मी पोचले नाही. बेअरिंगे तापली, धातूला धातू चिकटला आणि माझे पोट एका झटक्यात आवळून जागच्या जागी थांबले. नंतर टेकडीवर इतके शांत झाले, की थर्मासमधल्या चहाचे डचमळणे ऐकू येत होते.

ट्रॅक्टरच्या मागे दोर बांधून मला गॅरेजमध्ये आणले. दुसऱ्या दिवशी लेकीने बॅटरी धरली, मिस्त्रींनी आडवे होऊन माझा तळाचा डबा सोडला. जाळीवर काळाठिक्कर गोळा चिकटला होता. त्यांनी तो सोडवून घेतला, उठून बसले आणि किती तरी वेळ बोटांत चुरत राहिले.

"एकोणीस घातले होते. एकोणीस काढले."

"बाबा, मोजण्यात चूक झाली असेल," लेक हळूच म्हणाली. ती तोंड फिरवून डोळे पुसत होती.

मिस्त्रींची बोटे त्या गोळ्याच्या कडेवरून फिरत होती. एकदा, दोनदा. मग ती थांबली. "याला शिवण आहे. माझे बोळे फाडलेले असतात, त्यांना शिवण नसते." त्यांनी मान वर केली. "साहेब, हे तुमच्याकडचं तर नव्हे?"

मोजणीदार माझ्या चाकाजवळ उभे होते. त्या काळ्या गोळ्याच्या घडीतून आतला पिवळा रंग दिसत होता. त्यांनी तो पाहिला. त्यांनी पाहिला हे मी पाहिले. त्यांचे ओठ हलले. मला वाटले, आता बोलतील. एकच शब्द हवा होता. मित्रांनो, त्या शब्दाने माझे इंजिन परत येणार नव्हते, पण तो माणूस वाचणार होता.

"माझं कसं असेल, मिस्त्री?" ते म्हणाले. "शिवण कसली, सुरकुती असेल ती. चालायचंच. वय झालं."

असे म्हणून त्यांनी तो गोळा मिस्त्रींच्या हातातून घेतला आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पिंपात टाकला.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. मोजणीदार चुकत नाहीत, हे त्यांनीही तीस वर्षे ऐकले होते. ते आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. पुढे जे बोलले ते अगदी साध्या आवाजात बोलले.

"मग बोटंही गेली म्हणायची."

आठवड्याभरात गॅरेज रिकामे झाले. पाने कोणाकोणाला देऊन टाकले. भिंतीवर नुसत्या आकृत्या राहिल्या. लेकीने आपल्या घरातली उजेडाची खोली वडिलांसाठी लावली. मला ओढत पुन्हा मोजणीदारांच्या मागच्या अंगणात आणून ठेवले. परवा ती इथेच बसून मोजणीदारांच्या बायकोला सांगत होती. "काकू, काय सांगू? त्यांचं त्यांना सगळं येतं हो. पण हल्ली सदऱ्याची बटणं लावली तरी माझ्यापुढं येऊन उभे राहतात. म्हणतात, बघ गं, नीट लागलीत का? माझा भरवसा नाही."

मोजणीदार तिथेच होते. ते उठून आत गेले. काकूंनी मागून हाक मारली, तर म्हणाले डोके दुखते आहे.

मला त्यांचा राग येत नाही, असे म्हटले तर खोटे होईल. येतो. त्यांनी मला आयुष्यभर जपले आणि जपण्याच्या भरातच मारले, त्याचा राग नाही. तो अपघात होता. राग येतो तो त्या एका वाक्याचा.

तुमच्या घरी एखादे जुने यंत्र असेल, तर त्याला सांभाळा. ऑइल बघा, पाणी बघा, धूळ आत जाऊ देऊ नका, आवाज बदलला की तिथल्या तिथे थांबा. पण एवढ्याने भागत नाही. दुसऱ्याने हातात घेतलेल्या कामाला तुम्ही हात लावलात, मग तो कितीही मायेने लावलेला असो, तर त्याला सांगा. आणि काही बिघडले तर बोला. उशीर झाला असला तरी बोला. मी लोखंडाची आहे, मला भंगारात घाला, माझी हरकत नाही. माणसाला असे भंगारात घालू नका.

मिस्त्री अजून आहेत. त्यांची बोटे शाबूत आहेत, हे जगात फक्त दोघांना ठाऊक आहे. त्यातली एक मी. दुसरा रोज संध्याकाळी ताडपत्री उचलून माझ्या सीटवर येऊन बसतो. त्याला बोलता येते.